भीमाकांठचीं थडगीं आणि मेडोज टेलर

‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ या १८३९ सालच्या कादंबरीचा कर्ता म्हणून फिलिप मेडोज टेलर हें नांव आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या घरांत पूर्वीपासून परिचित आहे. त्याची १८६३ सालची ‘तारा’ ही कादंबरी तर तुळजापूरच्या भवानीमंदिराभोंवतींचा मुलूखच वाचकाच्या डोळ्यांपुढें उभा करते; तेव्हां मराठी वाचकास हा ग्रंथकार अगदींच परका वाटूं नये. परंतु याच लेखणीनें दख्खनच्या पठारावरील प्रागैतिहासिक थडग्यांविषयीं जे निबंध लिहिले, त्यांच्याकडे पुराणवस्तुशास्त्राचे अभ्यासक सोडल्यास सहसा कोणी वळत नाहीं. हे निबंध शास्त्रीय हेतूनें लिहिलेले आहेत हें खरें; पण ते वाचीत असतां साहित्याच्या अभ्यासकापुढें एक असा प्रश्न उभा राहतो कीं, ज्याचा विचार त्याला टाळतां येत नाहीं. ज्या मृतानें स्वतःविषयीं एक अक्षरही मागें ठेवलें नाहीं, त्याच्याविषयीं लेखकानें किती बोलावें, आणि कोठें थांबावें? प्रस्तुत लेखांत टेलरच्या निबंधांचें परीक्षण याच दृष्टीनें करावयाचें आहे.

हे मुख्य निबंध तीन. पहिला १८५१ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत आला. भीमेच्या कांठीं फिरोजाबादेजवळ असलेल्या जेवरगी गांवचे प्राचीन अवशेष हा त्याचा विषय. दुसरा त्याच नियतकालिकांत १८५३ सालीं आला व त्यांत सुरपूर संस्थानांतील तशाच अवशेषांची हकीकत होती. तिसरा आणि सर्वांत विस्तृत निबंध १८६२ सालचा. तो डब्लिन येथील रॉयल आयरिश अकॅडमीसाठीं लिहिला गेला. हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तु खात्यानें १९४१ सालीं हे सर्व लेखन एकत्र छापलें, म्हणूनच तें आज एका ग्रंथाप्रमाणें सलग वाचतां येतें.

टेलर हा विद्यापीठांत तयार झालेला पंडित नव्हे. १८०८ सालीं लिव्हरपूल येथें जन्मलेला हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतांना मुंबईस एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीसाठीं आला आणि तेथून निजामाच्या चाकरींत गेला. जमिनीची मोजणी व बांधकाम हीं शास्त्रें तो आपली आपणच शिकला. चित्रें काढण्याचा त्याला नाद होता. १८४१ पासून १८५३ पर्यंत सुरपूरचा कारभार त्याच्याकडे होता आणि त्यानंतर कांहीं वर्षें तो नळदुर्ग येथें होता. म्हणजे ज्या मुलखाविषयीं तो लिहितो तो त्यानें घोड्यावरून, सांखळीनें मोजीत, वर्षानुवर्षें पाहिलेला होता. या गोष्टीचा परिणाम त्याच्या निबंधांच्या गुणांवर आणि दोषांवर सारखाच झालेला आहे.

आतां हीं थडगीं म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. दक्षिण हिंदुस्थानांत लोखंडाचा वापर रूढ झाल्यावर, म्हणजे स्थूलमानानें इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या अखेरीपासून इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांपर्यंत, मृतांसाठीं मोठमोठ्या दगडांचीं स्मारकें उभारण्याची चाल होती. कोठें जमिनींत खड्डा खणून त्यांत मृताचीं हाडें, भांडीं व हत्यारें ठेवीत, आणि वर दगडगोट्यांची रास रचून सभोंवतीं मोठ्या धोंड्यांचें कडें करीत. कोठें चार उभ्या शिळा व वर एक आडवी शिळा अशी पेटी भुईंत पुरीत. तर कोठें तशीच पेटी जमिनीवर एखाद्या खोपटाप्रमाणें उभी करीत. या पेटीच्या एका शिळेंत पुष्कळदा वाटोळें भोंक कोरलेलें असतें. भांडीं बहुधा आंतून व तोंडाशीं काळीं, बाहेरून तांबडीं, आणि घासून गुळगुळीत केलेलीं अशीं सांपडतात. जेवरगीस दगडांच्या राशी आहेत. सुरपूरकडे राजनकोळूर येथें जमिनीवरच्या शिलागृहांचा समूह आहे. आणि शहापूरजवळ विभूतिहळ्ळी येथें मोठे धोंडे अंतराअंतरावर सरळ रांगांत मांडलेले आहेत. मृताचें नांव सांगणारा लेख मात्र यांपैकीं कोठेंही नाहीं.

टेलरचा मोठेपणा ज्यांत आहे तो भाग पहिल्या वाचनांत साधारण वाचकास नीरस वाटण्याचा संभव आहे. तो खड्ड्याची लांबी, रुंदी व खोली फुटांत सांगतो. मातीचा थर कोठें संपला व दगडगोटे कोठें लागले तें सांगतो. सांगाडा कोणत्या बाजूस डोकें करून होता, भांडीं त्याच्या पायांशीं होतीं कीं उशाशीं, भाल्याचें पातें कोणत्या हाडाजवळ होतें, हें सर्व क्रमानें सांगतो. आणि याबरोबर तो एक चित्र देतो. तें चित्र थडगें मध्यावर उभें कापलें असतां जसें दिसेल तसें आहे: वरची रास, तिच्या खालची माती, मग शिळा, मग पुन्हा माती, आणि तळाशीं हाडें. ज्या काळांत युरोपांतील हौशी मंडळी एका दिवसांत एकाहून अधिक टेकाडें फोडून आंतील वस्तु घरीं नेत असत, त्या काळांत एका संस्थानी अंमलदारानें सुरपुरासारख्या आडबाजूच्या ठिकाणीं थरांचें असें चित्र काढावें, ही सामान्य गोष्ट नव्हे. उत्खननशास्त्राला इंग्लंडांत शिस्त लावणाऱ्या पिट-रिव्हर्सचें मुख्य काम यानंतर सुमारें तीस वर्षांनीं सुरू झालें. सर मॉर्टिमर व्हीलर यांनीं १९५४ सालच्या आपल्या ग्रंथांत टेलरच्या या छेदचित्रांचा गौरवानें उल्लेख केला आहे, आणि तो सर्वथैव योग्य आहे.

परंतु याच निबंधांत दुसरा एक टेलर आहे, आणि त्याचें लेखन वाचावयास अधिक रम्य आहे. हा टेलर खड्ड्यांतून वर आला कीं लगेच दूर पाहूं लागतो. दख्खनांतील दगडांचीं कडीं पाहून त्याला ब्रिटनमधील व फ्रान्समधील कडीं आठवतात. शिळेंतील वाटोळें भोंक पाहून त्याला दूरदेशींचीं तशींच भोंकें आठवतात. आणि साम्य दिसलें म्हणजे नातें असलेंच पाहिजे या समजुतीनें तो केल्ट, ड्रुइड व सिथियन यांना भीमेच्या कांठीं आणून बसवितो. त्याच्या दुसऱ्या निबंधाच्या मथळ्यांतच ‘सिथो-ड्रुइडिकल’ असें विशेषण आहे. अनुमानाला निदान निष्कर्षापर्यंत तरी थांबावयास हवें होतें. येथें तें मथळ्यावरच जाऊन बसलें.

आजच्या ज्ञानाच्या प्रकाशांत या कल्पनेचें काय झालें, हें पाहणें उद्बोधक आहे. आयर्लंडमधील न्यूग्रेंजसारखें भव्य थडगें इ. स. पूर्व ३२०० च्या सुमाराचें आहे. त्यांत लोखंडाचा मागमूसही असणें शक्य नाहीं. उलट दख्खनच्या थडग्यांत लोखंड हेंच मुख्य. दोहोंमध्यें दोन सहस्र वर्षांहून अधिक अंतर पडतें. त्यांतही मौज अशी कीं ड्रुइड हे पुरोहित या आयरिश थडग्यांच्या फार नंतरचे. म्हणजे ज्यांना टेलरनें दख्खनांत आणलें, त्यांचा खुद्द तेथील त्या दगडांशींही बांधणाऱ्याचा संबंध नव्हता. हातांशीं असलेल्या दगडांना ओळखीचीं नांवें देण्याच्या घाईनें केवढा घोंटाळा होतो, याचें याहून बोलकें उदाहरण शोधावयास नको.

दुसरें उदाहरण अधिक नाजूक आहे. जेवरगीच्या कांहीं थडग्यांत धडावेगळीं शिरें आढळलीं. टेलरनें यावरून नरबळीचें अनुमान काढलें: सरदार मेला, त्याच्याबरोबर त्याच्या माणसांचे गळे कापले, आणि सर्वांना एकत्र पुरलें. हें वर्णन वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो, आणि लेखकाचा हेतूही तोच असावा. परंतु दक्षिणेंतील अशा अनेक थडग्यांचा पुढें जो अभ्यास झाला, त्यावरून असें दिसतें कीं पुष्कळ ठिकाणीं प्रेत प्रथम उघड्यावर किंवा अन्यत्र ठेवीत, आणि कालांतरानें उरलेलीं हाडें गोळा करून विधिपूर्वक पुरीत. कर्नाटकांत ब्रह्मगिरि येथें व्हीलर यांनीं १९४७ सालीं जीं थडगीं उकललीं, त्यांतील शिलापेट्यांत अनेक व्यक्तींचीं निवडक हाडें अशाच रीतीनें ठेवलेलीं होतीं. जेथें हाडें गोळा करून आणलेलीं असतील तेथें शिर धडापासून वेगळें असणें हें क्रौर्याचें चिन्ह ठरत नाहीं. तें आप्तांच्या काळजीचेंही चिन्ह असूं शकेल. टेलरचें चित्र दोन्हीं अर्थांना वाव देतें. त्याचें वाक्य एकालाच देतें.

असें कां व्हावें? याचें उत्तर मला त्याच्या कादंबरींत सांपडतें. ‘कन्फेशन्स’ या कादंबरीची सर्व शक्ति तिच्या रचनेंत आहे. तेथें अमीर अली हा ठग स्वतः बोलतो आणि गोरा अंमलदार बहुतांशीं ऐकतो. खून करणाराच आपल्या तोंडानें, कधीं अभिमानानें तर कधीं गहिंवरून, सारें सांगत असल्यामुळें लेखकाला मध्यें पडून कोणास दोष द्यावा लागत नाहीं. वाचक भयभीत होतो तो ठगाच्या सहज बोलण्यानें. टेलर हा मूळचा ऐकणारा लेखक. समोर बोलणारा माणूस असला म्हणजे त्याची लेखणी संयमानें चालते. थडग्यापाशीं मात्र बोलणारा कोणी नव्हता. साक्षीदार होता, पण मुका होता. तेव्हां अंमलदारानें साक्षीदाराच्या वतीनें स्वतःच जबानी लिहून टाकली, आणि तींत आपल्या ओळखीचा गुन्हा घातला. ठगांच्या मुलखांत वावरलेल्या माणसाला धडावेगळें शिर दिसतांच खून आठवावा, हें मनुष्यस्वभावास धरून आहे. पण जबानी ती साक्षीदाराची नव्हे.

येथें कोणी असें म्हणेल कीं दीडशें वर्षांपूर्वींच्या माणसाला आजच्या ज्ञानाच्या काठीनें झोडपणें हा न्याय नव्हे. हा आक्षेप मला मान्य आहे. आणि म्हणूनच टेलरला मी त्याच्या चुकीच्या अनुमानाबद्दल दोष देत नाहीं. व्हीलर यांनीं तरी काय केलें? ब्रह्मगिरीच्या थडग्यांचा काळ त्यांनीं इ. स. पूर्व २०० ते इ. स.च्या पहिल्या शतकाचा मध्य असा ठरविला. पुढें हळ्ळूर वगैरे ठिकाणच्या कोळशाच्या कालमापनानें दक्षिणेंतील लोखंड इ. स. पूर्व १००० च्या सुमारापर्यंत मागें गेलें आणि व्हीलर यांचा काळ मागें हटवावा लागला. अनुमानें बदलावयाचींच. प्रश्न इतकाच कीं अनुमान बदललें तेव्हां वाचकाच्या हातीं काय उरलें? व्हीलर यांच्या अहवालांत थरांची नोंद उरली. टेलरच्या निबंधांतही छेदचित्र उरलें. ज्याच्यावरून आपण टेलरला आज खोडून काढतों तो पुरावा त्यानेंच जपून ठेविला आहे. स्वतःच्या मताविरुद्ध जाऊं शकेल असा पुरावा प्रामाणिकपणें मांडून ठेवणें हा लेखकाचा फार मोठा गुण आहे, आणि तो अनेक विद्वान् टीकाकारांतही दुर्मिळ असतो.

या कसोटीवर नंतरचें बरेंच लेखन उतरत नाहीं. फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास असें मत मांडलें कीं द्राविड भाषा बोलणारे लोकच लोखंड व हीं थडगीं घेऊन दक्षिणेंत आले. उलट, थडग्यांत घोडा सांपडतो एवढ्यावरून इतर कांहीं पंडितांना त्यांत आर्य भाषा बोलणारे स्वार दिसले. एकाच खड्ड्यांतून दोन परस्परविरुद्ध वंश निघूं शकतात, यावरून खड्डा दोघांविषयींही कांहीं बोलत नाहीं हें उघड आहे. हाडें व भांडीं भाषा सांगत नाहींत. अगदीं अलीकडे, २०२५ सालीं, तामिळनाडू शासनानें शिवगळै येथील दफनकुंभांच्या कालमापनावरून तेथील लोखंड इ. स. पूर्व चौथ्या सहस्रकापर्यंत मागें जातें असें जाहीर केलें. त्याची छाननी शास्त्रज्ञ करतील. परंतु वृत्तपत्रांतून जो अभिमानाचा व उपहासाचा गदारोळ उठला, तो ऐकतां असें वाटलें कीं टेलरचे ड्रुइड गेले, तरी त्यांची जागा रिकामी राहिलेली नाहीं.

आपल्या मराठी मुलखापुरतें बोलावयाचें तर हा विषय भीमेवरून विदर्भाकडे नेला पाहिजे. कारण महाराष्ट्रांतील बहुतेक शिलावर्तुळें नागपूरच्या आसपास आहेत. तेथील कामाचा आरंभही टेलरच्याच काळचा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना या वर्तुळांचा ध्यास होता. १८६३ सालच्या सप्टेंबरांत टाकळघाटचीं वर्तुळें पाहून परततांना बोरीजवळ ओढ्याच्या पुरांत त्यांचा अंत झाला. रिव्हेट-कार्नाक यांनीं जुनापाणी येथील धोंड्यांवर कोरलेले लहान वाटोळे खळगे पाहिले आणि त्यांनाही टेलरप्रमाणेंच युरोपांतील तसल्या खळग्यांची आठवण झाली. १८७९ सालच्या त्यांच्या निबंधांत हीच ओढ दिसते.

पण विदर्भाची गोष्ट येथें संपली नाहीं, आणि हाच तिचा बोध आहे. डॉ. शां. भा. देव यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड येथें १९६८ नंतरच्या दहा-बारा वर्षांत जीं उत्खननें केलीं, त्यांचा कटाक्ष हे लोक कोण होते यापेक्षां हे लोक काय करीत होते याकडे अधिक होता. माहुरझरीस घोड्याच्या अवशेषांबरोबर त्याच्या डोक्यावरचा तांब्याच्या पत्र्याचा साज सांपडला. तांब्याच्या मुठीची लोखंडी कट्यार सांपडली. नायकुंडास वक्र विटांची, मातीच्या नळ्यांनीं वारा घालण्याची, लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली. भट्टीजवळ धातूचा मळही होता. थडगीं पुष्कळ व घरें थोडीं म्हणून हे लोक भटके गुराखी असावेत असें एक मत रूढ होऊं पाहत होतें. पण नायकुंड व भागीमोहारी येथील वस्तींच्या थरांतून तांदूळ, जव, मसूर, वाटाणा यांचे जळके दाणे निघाले. तेव्हां इ. स. पूर्व सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा एक शेतकरी व लोहाराचा गांव आपल्यापुढें उभा राहतो. त्या माणसांचें नांव आपणांस कळलें नाहीं, पण त्यांच्या घरांत काय शिजत होतें तें कळलें. माझ्या मतें हें ज्ञान पहिल्या ज्ञानाहून कमी मोलाचें नाहीं.

केवळ इंग्रज ग्रंथकारच नांवें देण्याची घाई करतात असेंही नव्हे. कर्नाटकांतील लोक या शिलागृहांना ‘मोरियर मने’, म्हणजे मोऱ्यांचीं घरें, म्हणतात, आणि त्या घरांत बुटकीं माणसें राहत असत असें सांगतात. घर लहान म्हणून माणूस लहान, हें तर्कशास्त्र टेलरच्या तर्कशास्त्राहून फारसें निराळें नाहीं. फरक इतकाच कीं लोककथा आपणास शास्त्र म्हणवीत नाहीं. याच्या उलट गडचिरोलीच्या अरण्यांत माडिया गोंड लोक आपल्या मृतांसाठीं दगड उभारण्याची चाल आजतागायत पाळीत आले आहेत. तेथें दगड कां उभारला हें विचारल्यास सांगणारा माणूस आहे. त्यांच्या उत्तरावरून अडीच हजार वर्षांपूर्वींच्या माहुरझरीचा अर्थ लावणें धाडसाचें होईल. पण दगड उभारणें हें नित्याच्या दुःखाचें व नात्याचें काम असूं शकतें, त्याला ड्रुइड किंवा दिग्विजयी वंश लागत नाहीं, एवढी आठवण त्यावरून खास राहते.

मग कल्पनाशक्तीला या क्षेत्रांत स्थानच नाहीं काय? आहे, आणि मोठें आहे. कल्पना नसती तर जेवरगीच्या माळावरील दगडांची रास फोडून पाहावी असें टेलरला वाटलेंच नसतें. त्याच्या आधीं शेंकडों लोक त्या राशींवरून गेले होते. परंतु कल्पनेनें प्रश्न विचारावा, उत्तर द्यावयाचें झाल्यास ‘हें माझें’ असें सांगून द्यावें. टेलरच्या निबंधांत मोजमाप कोठें संपतें व गोष्ट कोठें सुरू होते ती रेघ काळजीपूर्वक वाचणाऱ्यास दिसते. त्यानें ती स्वतः आखली असती तर हे निबंध निर्दोष झाले असते. इतिहासाचीं पुस्तकें लिहिणाऱ्यांनीं, तशींच ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनीं, ही रेघ आंखण्याची संवय ठेवली तर आपल्या वाङ्मयाचें बरेंच कल्याण होईल.

या विवेचनाला आज एक निकडीची बाजू आहे. जोंपर्यंत थडगें जागेवर आहे तोंपर्यंत चुकीचें अनुमान दुरुस्त होऊं शकतें. थडगें गेलें म्हणजे शेवटचा बोलणारा तोच खरा ठरतो. कर्नाटकांतील हिरेबेनकल येथील शिलागृहांचा समूह २०२१ सालीं जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत गेला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु विदर्भांत नांगराखालीं, खाणींसाठीं, रस्त्यांसाठीं व वाढत्या नागपूरच्या घरांसाठीं धोंडे हलविले जातात, आणि वर्तुळांतील एक धोंडा हलला कीं वर्तुळ वाचण्याची एक खूण कायमची पुसते. सरकारी संरक्षण सर्वत्र पोंचत नाहीं. निदान त्यांचें चित्र तरी राहावें, यासाठीं पुरातत्त्वज्ञच हवा असें नाहीं. टेलरही पुरातत्त्वज्ञ नव्हता. खणण्याचा अधिकार सर्वांना नाहीं व नसावा. पण वर्तुळाचा व्यास मोजणें, धोंडे मोजणें, कोणत्या धोंड्यावर किती खळगे आहेत तें टिपून नकाशा काढणें, हें त्या त्या तालुक्यांतील शिक्षकाला व त्याच्या विद्यार्थ्यांना एका सुटींत करतां येईल.

आणि या कामाला पाठ्यपुस्तक म्हणून टेलरच्या तीन निबंधांचें, मूळ छेदचित्रांसह, चांगलें मराठी भाषांतर कोणी तरी करावें अशी माझी सूचना आहे. भाषांतरकारानें ड्रुइडांचीं व सिथियनांचीं पानें गाळूं नयेत; तीं तशींच ठेवावीं व तळाशीं आजचें मत द्यावें. एकाच माणसाच्या हातून एका पानावर उत्तम नोंद व पुढच्याच पानावर हवेंतला मनोरा कसा उभा राहतो, हें तरुण वाचकांनीं शेजारीं शेजारीं पाहणें हिताचें आहे.